लिनक्स शिकायचंय, पण कशावर? डब्ल्यूएसएल, व्हर्च्युअल मशीन, ड्युअल बूट की व्हीपीएस, आणि मग उबुंटू की रॉकी

लिनक्स शिकायचं ठरवलं की पहिला आठवडा "कुठलं टाकू आणि कशावर टाकू" यातच जातो. दहा व्हिडिओ बघून होतात, दहा जण दहा नावं सांगतात (उबुंटू, रॉकी वगैरे, म्हणजे लिनक्सचे वेगवेगळे तयार संच) आणि टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, काही उघडलं जात नाही. मी बरीच वर्षं सर्व्हर सांभाळायचं काम करतोय, नवीन लागलेल्या पोरापोरींना शिकवतो पण, आणि माझ्याकडे पर्याय निवडायची एकच कसोटी आहे: ते मशीन तुम्हाला बिनधास्त मोडता आलं पाहिजे आणि मोडल्यावर स्वतःच्या हाताने परत उभं करता आलं पाहिजे. फाइल कॉपी कशी करायची, फोल्डर कसं बनवायचं हे दोन दिवसांत येतं, पण अॅडमिनचं काम अंगात मुरतं ते न उठणारं मशीन उठवताना. खालचे सगळे पर्याय मी याच कसोटीला लावलेत.

विंडोजवर असाल तर सगळ्यात कमी कटकट डब्ल्यूएसएलची, म्हणजे विंडोजच्या आतच लिनक्स चालवायच्या सोयीची. एक कमांड, एक रिस्टार्ट, आणि उबुंटू समोर हजर. २०१६ मध्ये हे आलं तेव्हा त्यात खरं लिनक्स कर्नल (सिस्टमचा गाभा) नव्हतंच, २०१९ मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या व्हर्जनपासून ते एका छोट्या व्हर्च्युअल मशीनमध्ये (कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर) चालतं आणि २०२२ पासून सिस्टमडी (मागे चालणारे प्रोग्रॅम, म्हणजे सर्व्हिस, सांभाळणारा) पण चालू करता येतं, म्हणजे सर्व्हिस चालू-बंद करायची प्रॅक्टिस इथेही होते. एलएस, ग्रेप, फाइंड, पाइप, परमिशन, बॅश स्क्रिप्ट, गिट, एसएसएच (दुसऱ्या मशीनवर लांबून लॉगिन करणं), हे सगळं इथे उत्तम शिकता येतं, आणि तुम्ही डेव्हलपर असाल, सर्व्हर कधी सांभाळायचाच नसेल, तर इथेच थांबलात तरी काही बिघडत नाही. पण अॅडमिन व्हायचं असेल तर नेमकं जे हवंय तेच इथे नाही. ग्रब (मशीन चालू होताना लिनक्स सुरू करणारा प्रोग्रॅम) दिसत नाही, इन्स्टॉल करताना पार्टिशन (डिस्कचा भाग) तुम्ही पाडलेलं नसतं, नेटवर्क बरंचसं विंडोजच सांभाळतं. मोडता येतं हो, पण मोडलं की पुसून नवीन टाकायचं एवढाच उपाय आणि त्यातून शिकायला काही मिळत नाही.

व्हर्च्युअल मशीनला मी सगळ्यात वर ठेवतो आणि कारण एकच, स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची आत्ताची स्थिती जपून ठेवायची आणि मोडलं की तिथेच परत यायचं. व्हर्च्युअलबॉक्स (व्हर्च्युअल मशीन बनवायचा प्रोग्रॅम) फुकट आहे, होस्टला, म्हणजे तुमच्या खऱ्या कॉम्प्युटरला, ८ जीबी रॅम असली की पुरे, गेस्टला, म्हणजे आतल्या मशीनला, २ जीबी रॅम, दोन कोर आणि २०-२५ जीबी डिस्क दिली की डेस्कटॉप नसलेलं सर्व्हर इन्स्टॉलेशन आरामात चालतं (बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होतानाच्या सेटिंगमध्ये, व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का ते आधी बघा, निम्म्या लोकांचं घोडं तिथेच अडतं). मॅकचं नवीन एम सिरीजवालं मशीन असेल तर एआरएमची (त्या प्रोसेसरसाठीची) इमेज घ्यायची, बाकीची पद्धत साधारण तीच. इन्स्टॉल झाल्या झाल्या स्नॅपशॉट घ्या आणि त्याला "स्वच्छ" असं नाव द्या, पुढचे सहा महिने तोच तुमचा आधार.

हे मी एका उदाहरणाने सांगतो कारण नुसतं मोडा मोडा म्हणून काही कळत नाही. मशीन बंद करून त्याला २ जीबीची एक जादा व्हर्च्युअल डिस्क लावा, चालू करून पार्टिशन पाडा, ईएक्सटी४ फाइलसिस्टम टाका, एक रिकामं फोल्डर करून त्यावर माउंट करा, म्हणजे ती डिस्क त्या फोल्डरमधून उघडेल अशी जोडा. आता रीबूट केलं की ती डिस्क माउंट झालेली दिसणार नाही, म्हणून ईटीसीमधल्या एफस्टॅब फाइलमध्ये (बूट होताना काय माउंट करायचं याची यादी) तिची ओळ लिहायची, आणि इथे मुद्दाम यूयूआयडीचा (डिस्कच्या ओळख क्रमांकाचा) एक आकडा चुकवून रीबूट करा. स्क्रीनवर एक ओळ येते की अमुक डिस्कची वाट बघतोय, समोर दीड मिनिटाचा काउंटर चालू होतो, तो संपतो आणि मशीन इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन रूटचा (मुख्य अॅडमिन खात्याचा) पासवर्ड मागू शकतं, म्हणून तो हा प्रयोग करायच्या आधीच ठरवून ठेवा. पहिल्यांदा हे बघितलं की पोटात गोळा येतो. मग लॉगिन करून जर्नलसीटीएलने लॉग (सिस्टमच्या नोंदी) वाचायचा, कुठलं माउंट फेल झालं ते शोधायचं, फाइलसिस्टम रीड-ओन्ली असेल तर रीड-राइट रिमाउंट करायची, ओळ दुरुस्त करायची, माउंट डॅश ए मारून तपासायचं आणि मगच रीबूट. एका संध्याकाळी यूयूआयडी, एफस्टॅब, लॉग आणि बूट कसं होतं या सगळ्याची ओळख होते. शिवाय नोफेल नावाचा ऑप्शन (डिस्क सापडली नाही तरी बूट थांबवू नको) का असतो हेही न सांगता कळतं.

व्हर्च्युअल मशीनची एक अडचण सांगून ठेवतो. नेटवर्क सुरुवातीला नॅटवर असतं, म्हणजे गेस्टमधून इंटरनेट चालतं पण तुमच्या विंडोजमधून त्या गेस्टला एसएसएच करायला गेलात की कनेक्शन लागत नाही आणि माणूस दोन तास एसएसएचच्या सेटिंगमध्ये चूक शोधत बसतो. चूक तिथे नसतेच. पोर्ट फॉरवर्डिंग करा किंवा दुसरं अॅडॅप्टर होस्ट-ओन्ली (फक्त होस्ट आणि गेस्टमधलं नेटवर्क) लावा. आणि ते लावलंच तर दोन मशीन बनवा, एकावरून दुसऱ्यावर एसएसएच की (पासवर्डऐवजी चालणारी किल्लीची फाइल) वापरून लॉगिन करा, फाइल पाठवा, एकाची फायरवॉल बंद-चालू करून दुसऱ्यावरून काय दिसतं ते बघा. डब्ल्यूएसएलमध्ये हा दोन मशीनचा खेळ इतका सहज जमत नाही.

ड्युअल बूट, म्हणजे एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही टाकणं, त्याचा फायदा असा की रोजचं काम लिनक्सवरच करावं लागतं, त्यामुळे हात पटकन बसतो. पण शिकायच्या पहिल्या महिन्यात मी कोणालाच ड्युअल बूट सांगत नाही. मी स्वतः सुरुवातीला इन्स्टॉलरमध्ये चुकीचं पार्टिशन निवडलं होतं आणि त्यावर असलेले घरच्यांचे दोन वर्षांचे फोटो गेले. बॅकअप नव्हता, ते आजही लागतं मनाला. विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्क एन्क्रिप्ट करायची सोय) चालू असेल तर बूटमध्ये बदल केल्यावर ते रिकव्हरी की मागू शकतं, ती आधी लिहून ठेवा. विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा नाहीतर लिनक्समधून विंडोजच्या पार्टिशनवर लिहिता येत नाही. घड्याळ पण पुढेमागे होतं, कारण विंडोज हार्डवेअर क्लॉकमध्ये लोकल टाइम ठेवतं आणि लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ). या सगळ्यात कसोटी कुठे बसते ते बघा: मोडता येतं, पण मोडलं तर तुमचं रोजचं मशीनच जातं, आणि मग माणूस घाबरून काहीच मोडत नाही.

त्यापेक्षा घरात जुना पडलेला लॅपटॉप असेल तर तो पूर्ण पुसून त्यावर लिनक्स टाका, हा पर्याय लोक विसरतात. आधी लाइव्ह यूएसबीवर (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून) चालवून वायफाय आणि टचपॅड चालतंय का बघा, मग टाका. स्नॅपशॉटची सोय मिळत नाही पण खरं हार्डवेअर, खरी डिस्क, ड्रायव्हरची खरी भांडणं मिळतात. रास्पबेरी पाय (एकाच बोर्डवरचा छोटा कॉम्प्युटर) पण छान, फक्त चालू असताना वीज गेली की एसडी कार्ड खराब होऊ शकतं.

व्हीपीएस, म्हणजे क्लाउडवर भाड्याने घेतलेला सर्व्हर, हा पुढचा टप्पा. इथे जे मिळतं ते घरच्या मशीनवर सहसा मिळत नाही: पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरून कोणालाही गाठता येणारा पत्ता. सर्व्हर चालू करून थोड्या वेळाने एसएसएचचा लॉग उघडा, कुठून कुठून रूटने, अॅडमिनने, टेस्टने लॉगिन करायचे प्रयत्न चालू असतात, ते बघितलं की पासवर्ड लॉगिन बंद करून की का वापरायची हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. एक सवय पहिल्या दिवसापासून लावा: एसएसएचची कॉन्फिग बदलताना एक सेशन उघडं ठेवायचं, एसएसएचडी डॅश टी मारून फाइल तपासायची, सर्व्हिस रिस्टार्ट करायची आणि दुसऱ्या विंडोतून लॉगिन होतंय हे बघितल्याशिवाय पहिलं बंद करायचं नाही.

आता उबुंटू की रॉकी, कारण भांडणं यावरच जास्त होतात. कमांड लाइन दोन्हीकडे नव्वद टक्के सारखीच आहे, फरक अॅडमिनच्या कामात दिसतो आणि तो एका वेब सर्व्हरवरूनच कळेल. उबुंटूवर एपीटीने (पॅकेज टाकायची कमांड) अपाचे वेब सर्व्हर टाकलं की सर्व्हिस आपोआप चालू होते, यूएफडब्ल्यू फायरवॉल मुळात बंद असते, ब्राउझरमध्ये आयपी टाकला की पान दिसतं, काम झालं. रॉकीवर किंवा अल्मावर (दोन्ही रेड हॅटच्या लिनक्सवर बेतलेली) तेच करा: पॅकेजचं नावच एचटीटीपीडी, डीएनएफने (एपीटीच्या जागी तिथली कमांड) टाकलं तरी सर्व्हिस चालू नसते, ती सिस्टमसीटीएलने चालू आणि एनेबल करायची, तरी पान दिसत नाही कारण फायरवॉलडी चालू असतो, त्यात एचटीटीपी उघडायचं आणि ते पर्मनंट केलं नाही तर रीबूटनंतर परत बंद. एवढं करून तुम्ही होम फोल्डरमध्ये बनवलेलं पान एमव्हीने वेब फोल्डरमध्ये हलवलं की ४०३, म्हणजे परवानगी नाही. परमिशन बरोबर, मालक बरोबर, तरी ४०३, आणि इथे लोक वैतागून सीएचमोड ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी) मारतात, त्याने पण काही होत नाही. कारण एसईलिनक्स, फाइलवरच्या लेबलवरून परवानगी ठरवणारी जादा सुरक्षा. एमव्ही केलं की फाइलवरचं होम फोल्डरचं लेबल तसंच राहतं, सीपी केलं असतं तर नव्या जागेचं लागलं असतं. एलएसला मोठं झेड लावून लेबल बघा, रिस्टोरकॉन चालवून लेबल दुरुस्त करा, पान दिसतं.

मला रॉकीचा हा खडूसपणा शिकण्यासाठी आवडतो, कारण प्रत्येक पायरीला थांबवून विचारतो की हे तुला खरंच करायचंय का. पण अगदी पहिल्यांदा टर्मिनल बघणाऱ्याला मी उबुंटूच देतो, कारण एप्रिलमध्ये दर दोन वर्षांनी येणारं एलटीएस (जास्त काळ सपोर्ट मिळणारं व्हर्जन) पाच वर्षं अपडेट मिळवतं आणि अडलात तर तुमचाच एरर आधी कोणाला तरी आलेला असतो. तीनेक महिने उबुंटू, मग त्याच व्हर्च्युअलबॉक्समध्ये शेजारी रॉकी, असा क्रम ठेवा. सेंटओएसवरचे (रॉकीच्या आधीचं तसंच लिनक्स) जुने ट्युटोरियल मात्र जपून वापरा, सेंटओएस ८ चा सपोर्ट २०२१ च्या शेवटी संपला आणि ७ चा जून २०२४ मध्ये.

डेबियन म्हणजे उबुंटूचा पाया, शांत आणि स्थिर, घेतलंत तर उत्तमच. आर्च हाताने इन्स्टॉल करून बघाच एकदा, पण दुसरं किंवा तिसरं म्हणून. काली सुरुवातीला नको, ते सिक्युरिटी टेस्टिंगसाठी बनवलंय आणि लिनक्सची ओळख नसलेल्यांनी ते घेऊ नये असं त्यांचेच लोक सांगतात.

सर्टिफिकेटचं विचाराल तर एलपीआयसी-१ मध्ये दोन पेपर, प्रत्येकी ६० प्रश्न आणि ९० मिनिटं, बहुतेक पर्याय निवडायचे. आरएचसीएसए या रेड हॅटच्या परीक्षेत प्रश्नच नाहीत, खऱ्या मशीनवर कामं करून दाखवायची, इंटरनेट नाही, मॅन पेज (कमांडची मशीनवरचीच माहिती) मात्र उघडता येतं, आणि केलेलं काम रीबूटनंतर टिकलं नाही तर मार्क नाहीत. वर एफस्टॅबवाला प्रयोग सांगितला तो चार वेळा केला असेल तर ही परीक्षा परकी वाटत नाही. नोकरी रेड हॅटवाल्या ठिकाणी हवी असेल तर आरएचसीएसए, नाहीतर एलपीआयसी चालेल.

व्हर्च्युअल मशीनवरून व्हीपीएसवर कधी जायचं असं विचारतात, त्याला माझं उत्तर एक प्रयोग आहे. त्या २ जीबीच्या डिस्कवर एखाद्या प्रोग्रॅमला लॉग लिहीत ठेवा आणि डिस्क भरली की ती लॉग फाइल प्रोग्रॅम चालू असतानाच डिलीट करा. डीयू (फाइलींच्या आकाराची बेरीज करणारी कमांड) सांगेल जागा मोकळी आहे, डीएफ (डिस्कवर किती जागा उरली ते दाखवणारी) सांगेल डिस्क भरलेली आहे. रात्री दोनला एका सर्व्हरवर माझ्यासमोर हेच आलं होतं आणि कारण सापडायला मला पहाट झाली. दोघंही खरं बोलतात, नाव गेलं पण प्रोग्रॅमने फाइल उघडी धरून ठेवलीय म्हणून जागा सुटत नाही, एलएसओएफने (उघड्या फाइलींची यादी देणारी कमांड) तो प्रोग्रॅम शोधायचा आणि रिस्टार्ट करायचा. हे कोणाला न विचारता, लॉग आणि मॅन पेज वाचून तुमचं तुम्हाला सापडलं की त्या दिवशी व्हीपीएस घ्या.