लाळेची नळी, ७,४९९ रुपये आणि घराण्यातला टीबी

किट मागवलं ते मुलीसाठी. ती २७ वर्षांची, लग्नाचं बोलणं सुरू होतं, आणि पाहुण्यांकडच्या एका काकूंनी चहा पिता पिता विचारलं, "तुमच्या घराण्यात टीबी आहे म्हणतात, खरं का जी?" खरं आहे. बाबा नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये होते, त्यांना १९७४ साली झाला. १९९१ मध्ये धाकट्या भावाला. आणि यंदा गणपतीच्या आधी भाच्याला. आई शेवटपर्यंत म्हणायची, आपल्या रक्तातच आहे हे. त्याच आठवड्यात मोबाइलवर जाहिरात दिसली: लाळेच्या नमुन्यावरून टीबीचा जनुकीय धोका सांगू. मी पैसे भरून मोकळी झाले.

कुरिअर तिसऱ्या दिवशी नागपुरातल्या महाल भागातल्या आमच्या घरी आलं. डबा नीट, सूचना मराठीत, अर्धा तास आधी काही खायचं नाही एवढंच पथ्य. एक मात्र लिहून ठेवते. संमतीच्या पानावर "नमुना संशोधनासाठी वापरायला हरकत नाही" या चौकटीत बरोबरची खूण आधीच केलेली होती. ती मुलीच्या लक्षात आली, माझ्या आली नसती.

पाच आठवड्यांनी १४ पानी अहवाल आला. पहिल्याच पानावर नारिंगी पट्टी आणि खाली "मध्यम ते जास्त". कशाच्या तुलनेत, किती जास्त, काही नाही. मुलगी जेवली नाही त्या रात्री. अहवालातलं हे पान मी कधीच माफ करणार नाही.

किमतीत समुपदेशकाशी वीस मिनिटांचा फोन धरलेला होता. त्या बाई प्रामाणिक निघाल्या, म्हणून पाचपैकी दोन तारे देते, नाहीतर एकच दिला असता. मी वही घेऊनच बसले होते. त्या म्हणाल्या, जनुकांचा वाटा असतो, हे खोटं नाही. १९४३ साली अमेरिकेत जुळ्यांची पाहणी झाली होती. एकाला टीबी झाला तर दुसऱ्यालाही होण्याचं प्रमाण एकसारख्या जुळ्यांत इतर जुळ्यांपेक्षा बरंच जास्त दिसलं. पण तो वाटा एका जनुकात बसलेला नसतो. मुलीच्या अहवालात ज्या जनुकावर नारिंगी ठिपका होता, त्याचा टीबीशी संबंध १९९८ मध्ये गांबियातल्या रुग्णांत दाखवला गेला. जंतू गिळणाऱ्या पेशींमध्ये काम करणारं प्रथिन त्यावरून तयार होतं. नंतर इतर देशांत तपासलं तेव्हा परिणाम कुठे दिसला, कुठे नाही. ठोस म्हणावा असा एक बदल टिक-टू नावाच्या जनुकात, तोही आई आणि वडील दोघांकडून आला तरच. युरोपात साधारण ६०० त एकाकडे असतो. मुलीकडे तो नाही. हेच पहिल्या पानावर का नाही, असं मी विचारलं, तेव्हा त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ताई, ही पट्टी ज्या माहितीवर बेतली आहे, त्यात बहुतेक लोक युरोपातले आहेत.

त्यांनी ल्युबेकचीही गोष्ट सांगितली. जर्मनीतल्या या गावात १९२९-३० मध्ये बीसीजी या टीबीवरच्या लशीत चुकून टीबीचे घातक जंतू मिसळले आणि अडीचशेच्या आसपास तान्ह्या बाळांच्या पोटात गेले. सत्तरहून अधिक दगावली, बाकीची बहुतेक वाचली. रक्ताचा फरक म्हणून हे उदाहरण देतात, पण सगळ्या डोसांत जंतू सारखे नव्हते. कुणाच्या पोटात किती गेले, यानेही निकाल बदलला. मला तिथेच आमची चाळ आठवली. दहा बाय दहाची खोली, एक खिडकी, ती थंडीत बंद. बाबा खोकायचे आणि त्यांच्या कुशीला भाऊ, बारा वर्षांचा. जंतू शरीरात वर्षानुवर्षं सुप्त राहू शकतो. लागण झालेल्या शंभरातल्या पाच-दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो. भावाला झाला तेव्हाच त्याची शुगर वाढलेली सापडली होती, आणि मधुमेहाने टीबीचा धोका जवळपास तिप्पट होतो. आईने ज्याला रक्त म्हटलं, त्यात खोलीही होती, शुगरही होती.

अहवालातली एक ओळ कामी आली, तेराव्या पानावरची. मुलीचं शरीर आयसोनियाझिड हे टीबीवरचं औषध सावकाश पचवतं. आपल्याकडे निम्म्याहून अधिक लोक असेच असतात.

खरं उत्तर मात्र दुसरीकडेच मिळालं. भाचा आमच्याच वाड्यात, वरच्या मजल्यावर राहतो. त्याचं निदान होताच टीबी केंद्रातून ताई घरी आल्या, सगळ्यांची नावं लिहून नेली. मुलीची चाचणी लागण दाखवणारी आली, एक्स-रे स्वच्छ. म्हणजे आजार नाही, जंतू आहे. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायच्या बारा डोसांचा प्रतिबंधक कोर्स दिला, फुकट. त्यात आयसोनियाझिडही होतं, म्हणून मी तेरावं पान पुढे केलं. ते म्हणाले, डोस यावरून बदलत नाही, पण लिव्हरची तपासणी करून घेऊ. मळमळ, अंगाला खाज, डोळे पिवळे, काहीही वाटलं तर लगेच या.

भाच्याच्या खात्यात पोषणाचे महिन्याला १,००० रुपये येतात. वहिनीला मी झारखंडच्या अभ्यासाचं सांगितलं, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला. रुग्णाच्या घरच्यांना तांदूळ, तूरडाळ आणि जीवनसत्त्वं दिली तर त्यांच्यातला टीबी जवळपास ४० टक्के कमी झाला. तिने त्याच संध्याकाळी डाळीचा डबा भरला.

ज्यांच्या घरात रुग्ण आहे त्यांनी हे किट घेऊ नये. आधी केंद्रात नाव लिहवा.

नमुना नष्ट केल्याचं पत्र तिसऱ्या मेलनंतर आलं. काकूंना मी सगळं जसंच्या तसं सांगितलं, गोळ्यांसकट. रविवारी सातवा डोस झाला, पोटभर जेवणानंतर.