रक्कम विचारावी की रक्कम सांगून मत विचारावे?

पर्यावरणातील एखाद्या सुधारणेसाठी लोक किती पैसे द्यायला तयार आहेत, हे सर्वेक्षणातून जाणून घ्यायचे असेल, तर आकडा उत्तरदात्यालाच सांगू द्यायचा की ठरलेली रक्कम त्याच्यापुढे ठेवून हो-नाही विचारायचे, हे आधी ठरवावे लागते. १९८९ मध्ये अलास्कात ‘एक्झॉन व्हॅल्डीझ’ जहाजातून तेल सांडल्यावर नुकसानभरपाईवरून पेटलेल्या वादात दोन्ही पद्धती कसाला लागल्या.

पहिली पद्धत स्वस्त आणि सुटसुटीत. तेलकंपनीच्या निधीतून झालेल्या एका अभ्यासात, टाकाऊ तेलाच्या तळ्यांत मरणारे स्थलांतरित पाणपक्षी वाचवण्यासाठी किती द्याल, असे विचारले गेले. २,०००, २०,००० आणि २,००,००० पक्ष्यांसाठी सरासरी उत्तरे अनुक्रमे ८०, ७८ आणि ८८ डॉलर आली. लोकांची उत्तरेच निरर्थक असतात, असा निष्कर्ष त्यावरून अनेकांनी काढला. मला तो घाईचा वाटतो, कारण त्याच प्रश्नावलीत हे पक्षी एकूण संख्येच्या १ टक्क्याहून खूपच कमी, १ टक्क्याहून कमी आणि सुमारे २ टक्के असल्याचे सांगितले होते. ते वाचणाऱ्याला तिन्ही हानी सारख्याच किरकोळ वाटल्या, तर तो दोष बराचसा प्रश्नाच्या मांडणीचा आहे.

दुसरी पद्धत अलास्का राज्यासाठी झालेल्या सर्वेक्षणात वापरली गेली. त्यात घरोघरी मुलाखती घेऊन, नकाशे व छायाचित्रे दाखवून, तेलवाहू जहाजांना सोबतीची जहाजे देण्याच्या योजनेवर मत विचारले गेले. एकदाच भरायच्या कराची रक्कम कोणाला १०, कोणाला ३०, ६० किंवा १२० डॉलर सांगितली होती. मध्यक, म्हणजे निम्मी कुटुंबे जेवढे द्यायला तयार होती ती रक्कम, सुमारे ३१ डॉलर आला आणि देशभरातील कुटुंबांचा हिशेब सुमारे २८० कोटी डॉलरवर गेला. या सर्वेक्षण-पद्धतीची तपासणी करण्यासाठी अमेरिकी सरकारी संस्थेने नेमलेल्या, अर्थतज्ज्ञ केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो यांच्या अध्यक्षतेखालील समितीनेही १९९३ मध्ये मतदानासारख्या हो-नाही प्रश्नाचीच शिफारस केली. सांगितलेली किंमत पटते का, हे ठरवण्याची आपल्याला रोजची सवय असते. स्वच्छ किनाऱ्याची किंमत स्वतः सांगण्याची नसते.

तरीही या पद्धतीत एका माणसाकडून एकच ‘हो’ किंवा ‘नाही’ मिळत असल्याने नमुना मोठा लागतो, आणि मुलाखतकाराला बरे वाटावे म्हणून ‘हो’ म्हणणारेही असतात. माहिती वाढवण्यासाठी दुसरी रक्कम विचारली, तर तिच्या उत्तरावर पहिल्या रकमेची छाया पडते.

योजना एकच आणि निधी पुरेसा असेल, तर मी हो-नाहीचा प्रश्नच निवडेन. नमुना लहान असेल, तर रकमांची यादी दाखवणे चालेल, मात्र यादीतील सर्वांत मोठी रक्कम उत्तरे वर खेचू शकते, म्हणून ती पूर्वचाचणीतूनच ठरवावी. पाण्याची स्वच्छता, मासे आणि काठावरचा वावर यांचे मोल वेगवेगळे हवे असेल, तर या गुणांचे निरनिराळे संच व त्यांचा खर्च समोर ठेवून निवड करायला सांगावे.