बाटले की पाइप गॅस? हॉटेलचं किचन लावण्याआधी

नवं हॉटेल टाकणारा माणूस पहिल्यांदा दर विचारतो. 19 किलोचा बाटला परवडेल की पाइपचा गॅस? दर वरखाली होतच राहतात, किचन मात्र एकदा बांधलं की हलत नाही. म्हणून माझा उलटा प्रश्न असतो, तुमचं किचन रस्त्याच्या पातळीला आहे की खाली?

बाटल्यातला एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन, हवेपेक्षा दीड ते दोन पट जड. गळला की फरशीवरून सरकत मोरीत, चेंबरमध्ये, जिन्याखाली जाऊन बसतो. वर एक्झॉस्ट कितीही गरगरू दे. हवेत जेमतेम 2 टक्के झाला तरी ठिणगीला पुरतो. पाइपमधला नैसर्गिक वायू मुख्यतः मिथेन. तो हवेपेक्षा बराच हलका, पेट घ्यायला 5 टक्के लागतात आणि झरोका दिसला की वर निघून जातो. फॉल्स सीलिंग बंदिस्त असेल तर तिथे साठतो, हे मात्र लक्षात ठेवा. तळघरातल्या किचनला मी बाटला सांगतच नाही.

जागा जमिनीवर असेल आणि बाहेर मोकळी भिंत असेल, तर बाटल्यांनाही ना नाही. गॅस सिलिंडर नियम, 2016 प्रमाणे एका वेळी 100 किलोपर्यंत एलपीजी ठेवायला साठवणुकीचा परवाना लागत नाही. म्हणजे 19 किलोचे पाच बाटले, 95 किलो. सहावा आणला की 114, मग परवान्यासाठी ‘पेसो’कडे, म्हणजे स्फोटकं आणि पेट्रोलियमची सुरक्षा पाहणाऱ्या केंद्राच्या संस्थेकडे जा, तिचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. फायर ब्रिगेडची एनओसी हा वेगळा विषय, ती यातून सुटत नाही.

बाटल्याचा खरा त्रास गर्दीच्या वेळी कळतो. चार भट्ट्या एकदम पेटल्या की बाटला गारठतो, अंगावर बर्फ चढतो, ज्योत बसते. मग पोरं त्यावर उकळतं पाणी ओततात, नाहीतर बाटला आडवा करतात. आडव्या बाटल्यातून वायूऐवजी द्रव गॅस नळीत शिरतो, आणि बर्नरमधून भडका उठतो. इलाज साधा आहे: मॅनिफोल्डला, म्हणजे सगळे बाटले एकत्र जोडणाऱ्या पाइपला, एक बाटला जास्त जोडा. पाइप गॅसला हा प्रश्नच नाही.

पाइपची अडचण वेगळी. गॅस देणारी कंपनी मुंबईत महानगर गॅस, पुण्यात एमएनजीएल. पण तुमच्या गल्लीत लाइन आहे का ते आधी विचारा. रस्ता खोदताना कुणी पाइप फोडला की दुपारचं जेवण गेलं. या भीतीने मालक कोपऱ्यात एक बाटला ‘असू दे’ म्हणून ठेवतात. हे मला सगळ्यात नापसंत. दोन्ही गॅसचे जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारी बारीक छिद्रं, वेगळे असतात. पाइप गॅसच्या मोठ्या जेटवर बाटला लावला की हातभर पिवळी ज्योत आणि भांड्याला काजळी.

गेल्या वर्षी एका मेसमध्ये गेलो. गॅस बाटल्यांचा आणि गळती पकडणारा डिटेक्टर छताला, पंख्याशेजारी! आधी तिथे पाइप गॅस होता म्हणे. भाडेकरू बदलला, गॅस बदलला, डिटेक्टर तिथेच राहिला. त्याच दिवशी काढून फरशीपासून वीतभर उंचीवर बसवून घेतला.