पॉलिसी नंबर सांगणारा माणूस विमा कंपनीचाच असतो असं नाही

बंद पडलेल्या विमा पॉलिसीवर बोनस साचलाय, तो सोडवून देतो, असा फोन घरातल्या वडीलधाऱ्यांना आला असेल तर पुढचं जरा वाचा. माझ्या वडिलांचे, अण्णांचे, यात १,३३,५०० रुपये गेले. अण्णा अडाणी नाहीत. तासगाव तालुक्यात गणित शिकवून निवृत्त झाले, पासबुकातली नोंद न नोंद अजून ताडून बघतात. ओटीपी कुणाला सांगायचा नाही, आलेली लिंक उघडायची नाही, हे त्यांना तोंडपाठ आहे. या प्रकरणात ओटीपी कुणी मागितलाच नाही.

फोनवर बाई होती. दिल्लीहून, विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालांच्या कार्यालयातून बोलतेय म्हणाली. तिने काही विचारलं नाही, सगळं तिनेच सांगितलं. अण्णांचं पूर्ण नाव, जन्मतारीख, पॉलिसीचा नंबर, हप्त्याची रक्कम, शेवटचा हप्ता कधी भरला, वारस म्हणून लावलेलं आईचं नाव. "बस, कन्फर्म कीजिए." अण्णा नुसते हो-हो म्हणत गेले. ही पॉलिसी आम्हा पोरांना ठाऊकसुद्धा नव्हती. जे घरात कुणाला माहीत नाही ते हिला माहीत आहे, म्हणजे ही कंपनीकडूनच बोलतेय, असा त्यांनी हिशेब केला. आपण सगळे तोच करतो. बँकासुद्धा तोच करतात. ग्राहक सेवेला फोन लावला की जन्मतारीख सांगा, आईचं नाव सांगा, पत्ता सांगा. उत्तरं जुळली की खातेदार खरा. आता हीच उत्तरं बाहेर विकत मिळत असतील तर या प्रश्नांनी राखण कुणाची होते?

पुढचं नाटक पद्धतशीर होतं. तुमच्या पॉलिसीला एजंटचा कोड जोडलेला आहे, बोनस त्याच्याकडे वळतोय, तो कोड काढायला २४,५०० रुपये भरा, परत मिळतील. एजंट म्हणजे आमच्या गल्लीतले काका, ज्यांच्याशी अण्णांचं चाळीस वर्षांचं उठणं-बसणं. त्यांच्याबद्दल मनात किल्मिष घातलं की त्यांना विचारायचा रस्ता आपोआप बंद. मग मराठी बोलणारा एक 'साहेब' आला. त्याने व्हॉट्सॲपवर पत्र पाठवलं, वर अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का, मंजूर रक्कम साडेचार लाख. मग जीएसटीचे म्हणून ६१,०००. मग एनओसीचे ४८,०००. प्रत्येक वेळी अण्णा स्वतः बँकेत जाऊन स्लिप भरून आले. पैसे जात होते ते कुणा व्यक्तीच्या साध्या बचत खात्यात, दर वेळी वेगळ्या.

सगळ्यात राग येतो तो एका वाक्याचा. "तुमची माहिती सुरक्षित राहावी म्हणून ही फाइल गोपनीय ठेवली आहे, घरच्यांशीही बोलू नका." ज्यांनी त्यांची माहिती विकत घेतली तेच त्यांना गोपनीयता शिकवत होते! आणि अण्णांनी ती पाळली. आईलाही सांगितलं नाही. एफडी मोडायचे कागद कपाटातून काढताना तिने बघितलं आणि मला दुकानात फोन केला, "तुझे अण्णा काय करायला लागलेत बघ बाई."

मी मिरजेहून येईपर्यंत संध्याकाळ झाली होती. तिसरी रक्कम त्याच दिवशी सकाळी गेली होती, म्हणून घरी पोचताच १९३० ला फोन लावला. हा राष्ट्रीय सायबर मदत क्रमांक. ते तक्रार नोंदवून ज्या बँकेत पैसे पोचलेत तिला कळवतात आणि तिथे शिल्लक असेल तेवढी रक्कम गोठवली जाते. आमचे ३१,००० अडकले. आधीचं सगळं केव्हाच पुढच्या खात्यांत पांगलं होतं. इथे तासांचा फरक पडतो. आधी पोलीस ठाणं, मग वकील, मग ओळखीचा माणूस असं फिरत बसू नका. बँकेने मात्र हात वर केले. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाला संरक्षण दिलं ते त्याच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारात, आणि इथे स्लिपवर सही अण्णांची.

माहिती गेली कुठून, याचा मी बराच विचार केला. आमचं घर सांगलीच्या गावभागात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट असताना कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा खालच्या खोलीतल्या कागदांचा लगदा झाला. पुढचे कित्येक महिने आम्ही आधार, पासबुक, पॉलिसीच्या झेरॉक्स काढत आणि वाटत फिरत होतो. पंचनाम्याला, डुप्लिकेट कागदांना, कर्जाच्या चौकशीला. कुणी मागितलं की द्यायचं, एवढंच तेव्हा सुचत होतं. पण पॉलिसीच्या शेवटच्या हप्त्याची तारीख झेरॉक्सच्या दुकानात नसते. ती कंपनीच्या किंवा तिच्यासाठी काम करणाऱ्या कुणाच्या तरी संगणकातच असते.

माझा एक वर्गमित्र पूर्वी कर्ज मिळवून देणाऱ्या एका एजन्सीत फोनवर बसायचा. तो म्हणाला, "अगं, एक्सेल शीट यायच्या. कुठून येतात कुणी विचारायचं नाही." मार्केट यार्डात हळदीची प्रत बघून दर लागतो तसा या याद्यांनाही लागतो. ताजी यादी महाग, शिळी स्वस्त. नुसता नंबर असला तर कवडीमोल, पण सोबत वय, पगार, पॉलिसी असली की भाव वर.

आणि यात फक्त दिल्ली-मुंबईचे लोक आहेत असं समजू नका. माझं औषधांचं दुकान आहे. बीपी-शुगरच्या गोळ्या महिन्याने संपतात, म्हणून नेहमीच्या गिऱ्हाइकांचे नंबर मी लिहून ठेवते आणि आठवण करते. त्यांना ते हवं असतं. एक गृहस्थ आला आणि म्हणाला, "मॅडम, शुगरवाल्यांचे नंबर द्या की, दर महिन्याला काहीतरी देऊ." मी त्याला काउंटरवरूनच परत पाठवला. त्याला मात्र मागताना जराही संकोच वाटला नाही, म्हणजे कुणीतरी देत असणार. नंबर घेणं वाईट नाही, हे मी धंद्यातली बाई म्हणून सांगते. गोळीच्या आठवणीसाठी दिलेला नंबर दुसऱ्याच्या शीटमध्ये गेला की मग तो चोरीचा माल. बिलासाठी मोबाइल नंबरची सक्ती करू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२३ मध्येच किरकोळ दुकानदारांना सांगितलं आहे. 'नंबर देत नाही' म्हणायला लाजू नका. आधारची प्रत द्यावीच लागली तर शेवटचे चारच आकडे दिसणारी मास्क केलेली प्रत आधारच्या संकेतस्थळावरून निघते.

कायदा आहे का? आहे. कामाच्या करारातून हाती आलेली माहिती गैरफायद्यासाठी बाहेर देणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ७२अ कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा तर माहिती नीट न सांभाळणाऱ्या कंपनीला २५० कोटींपर्यंत दंड लावतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. ऐकायला छान. पण तो दंड सरकारच्या तिजोरीत जातो, अण्णांच्या खात्यात नाही. आणि यादी कुठून फुटली हे सिद्ध करायला सांगलीतला निवृत्त मास्तर कुणाच्या संगणकात डोकावणार?

म्हणून तुमची माहिती आधीच बाहेर आहे असं धरून चाला. फोनवरच्या माणसाने कितीही अचूक सांगितलं तरी त्यातून एवढंच कळतं की त्याच्याकडे यादी आहे. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारा विमा नियामक (आयआरडीएआय) स्वतः ना पॉलिसी विकतो, ना बोनस जाहीर करतो. तसं तो वारंवार जाहीर करतो. न मागितलेले पैसे खरंच पडून असतील तर कंपनीच्या संकेतस्थळावर शोधता येतात आणि ते मिळवायला आधी काही भरावं लागत नाही. सरळ शाखेत जा, खिडकीवर विचारा. आम्ही गेलो तेव्हा कळलं, थोड्याच हप्त्यांत बंद पडलेल्या त्या पॉलिसीवर अण्णांना काहीही मिळण्यासारखं नव्हतं. अशा फोनची तक्रार विमा नियामकाच्या १५५२५५ वर आणि दूरसंचार खात्याच्या 'संचार साथी' संकेतस्थळावरच्या 'चक्षू'वर करता येते.

तक्रार नोंदवून महिना झाला नसेल, तेवढ्यात अण्णांना पुन्हा फोन आला. या वेळी 'सायबर सेल'मधून. फसवणूक किती रुपयांची, कोणत्या तारखांची, कोणत्या बँकेतून, सगळं बरोबर. तुमचे पैसे सापडलेत, कोर्ट फीचे ५,००० भरा म्हणे. वर्गमित्राला सांगितलं तर तो हसला, "एकदा फसलेल्यांची यादी सगळ्यांत महाग जाते." गोठवलेले पैसे सोडवायला आमच्या वेळी न्यायालयाचा आदेश लागत होता, पण त्यासाठी फोनवर कुणी फी मागत नाही. अण्णांनी त्याला शांतपणे विचारलं, "तक्रार क्रमांक सांगा." पलीकडून फोन कट झाला. आमचा अर्ज न्यायालयात दिलेला आहे, ३१,००० अजून गोठलेलेच आहेत.