पायथन ब्राउझरमध्ये चालवावं की आपल्या लॅपटॉपवर?

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी पायथन घ्यायचं ठरलं की लगेच पुढचा प्रश्न येतो: ब्राउझरमधली फुकटची नोटबुक (कोड 'सेल' नावाच्या तुकड्यांत लिहून तिथंच चालवायचं पान) वापरायची, की सगळं आपल्याच लॅपटॉपवर बसवायचं? नांदेडला शिकताना मी दोन्ही वापरलं.

ब्राउझरमध्ये पहिल्याच मिनिटाला काम सुरू होतं. आकडेमोडीच्या आणि आलेखांच्या नमपाय, सायपाय, मॅटप्लॉटलिब या लायब्ररी आयत्याच मिळतात. लॅपटॉप जुना असला, रॅम 4 जीबी असली तरी अडत नाही. न्यूरल नेटवर्क शिकायचं असेल तर जीपीयू (अशा गणितांना वेग देणारा प्रोसेसर) सुद्धा मिळतो. त्यासाठी कुणी तिकडे वळत असेल तर मी अडवणार नाही.

माझं काम आयझिंग मॉडेलचं होतं. हे चुंबकाचं साधं गणिती मॉडेल: जाळीच्या प्रत्येक ठिकाणी वर किंवा खाली तोंड करून बसलेला एक छोटा चुंबक. 64 × 64 ची जाळी घ्यायची, तापमान थोडं थोडं वाढवायचं आणि 2.269 च्या (मॉडेलच्या स्वतःच्या एककांत) आसपास चुंबकत्व कोसळतं का ते पाहायचं. भौतिकशास्त्रज्ञ लार्स ऑन्सागरनं 1944 मध्ये या मॉडेलच्या काढलेल्या नेमक्या उत्तराशी ते जुळायला हवं होतं. रात्री रन लावून झोपलो. पहाटे लाइट गेली, राउटर बंद पडला, सेशन तुटलं. सकाळी उघडलं तर कोड जागेवर होता, पण मेमरीतले आकडे आणि तिथं ठेवलेल्या फाइली गेलेल्या. फाइली ड्राइव्हवर ठेवता येतात, हे खरं. पण रन थांबायचा तो थांबतोच. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा मी लॅपटॉपकडे वळलो.

तिथं बसवाबसवीतच दोन दिवस गेले. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (एका प्रोजेक्टच्या लायब्ररींसाठी वेगळी ठेवलेली जागा) म्हणजे काय हेच आधी कळेना. पण नंतर लाइट गेली तरी रन बॅटरीवर चालू राहायचा, आणि दर 1000 स्वीपनंतर (एक स्वीप म्हणजे सगळ्या जाळीवरून एक फेरी) आकडे फाइलीत जाऊन बसायचे. साध्या पायथनचं लूप फार रेंगाळायचं. त्या फंक्शनवर नंबा या कोड वेगवान करणाऱ्या लायब्ररीचं डेकोरेटर (फंक्शनच्या वर लिहायची एक ओळ) लावल्यावर चहा होईपर्यंत एक तापमान उरकू लागलं. शिवाय स्क्रिप्ट वरून खाली एकाच क्रमानं चालते. नोटबुकमध्ये मी पुसलेल्या सेलमधला व्हेरिएबल मेमरीत तसाच राहिला होता आणि आठवडाभर माझा आलेख चुकत होता.

तुमच्याकडे लाइट आणि नेट भरवशाचं असेल तर कदाचित यातलं काही जाणवणारही नाही. माझा धाकटा भाऊ यंदा परभणीला बीएस्सीला आहे. दिवाळीत तो गावी आला, तेव्हा त्याच्या लॅपटॉपवर मी आधी पायथन बसवून दिलं.