मामांच्या पोटातला ४.६ सेंटीमीटरचा फुगा: आत्ता ऑपरेशन की थांबायचं?

लघवीच्या त्रासासाठी मिरजेत सोनोग्राफी केली आणि निघालं भलतंच, पोटातल्या महाधमनीला, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्ताच्या नळीला, ४.६ सेंटीमीटरचा फुगा. मामा ६८ वर्षांचे, तासगावकडं द्राक्षबाग, बिडी पन्नास वर्षांपासून. घरात लगेच दोन पार्ट्या, मामी म्हणतात उद्याच ऑपरेशन करा, मामा म्हणतात छाटणी होईपर्यंत नाव काढू नका.

मामींची भीती गल्लीतल्या एका माणसामुळं, तो छातीत कळ येऊन तासाभरात गेला. पण त्याची नस चिरली होती, डिसेक्शन. फवारणीच्या जाड पाइपचा आतला थर चिरला की पाणी दोन थरांच्या मधे घुसतं ना, तसं. हे वर्षाला लाखात ३ ते ६ जणांना होतं, बहुतेक बीपीवाले, आणि हृदयाजवळ झालं तर तासागणिक धोका वाढतो, तिथं थांबायचा प्रश्नच नाही. मामांचा प्रकार वेगळा, ठिबकची नळी एका जागी फुगावी तसा.

हा फुगा फुटला तर साधारण दहातले आठ वाचत नाहीत, हे खरंच. पण ५.५ च्या आत असेल तर वर्षात फुटायची शक्यता साधारण १ टक्का किंवा त्याहून कमी. ब्रिटनमधे ४ ते ५.५ सेंटीमीटरवाल्यांचे दोन गट करून बघितलं, लगेच ऑपरेशन केलेले काही जास्त जगले नाहीत. म्हणून पुरुषांना ५.५, बायकांना ५ ही ऑपरेशनची रेघ. त्याआधी पोटात-पाठीत दुखायला लागलं किंवा फुगा भराभर वाढला तर मात्र लगेच. मामांना आता वर्षाला एक सोनोग्राफी, ५ च्या पुढं गेला की सहा महिन्यांनी.

उद्या करायची वेळ आलीच तर दोन रस्ते. पोट उघडून केलं तर पहिल्या महिन्यातला धोका ५ टक्क्यांच्या आसपास, जांघेतून स्टेंट, म्हणजे नसेला आतून अस्तर लावणारी नळी, टाकला तर २ च्या आत. ऐकायला स्टेंटच बरा, पण तो सगळ्यांच्या नसेत नीट बसत नाही, बाजूनं रक्त झिरपू शकतं, परत प्रोसिजर लागू शकते, जन्मभर स्कॅनला जावं लागतं, आणि काही वर्षांनी दोन्हीतला फरक मिटतो. बीपीच्या तीन तारखा चुकवलेला आमचा माणूस दरवर्षी स्कॅनला जाईल? मला नाही वाटत. तब्येत धडधाकट असेल तर मी पोट उघडून करण्याच्या बाजूचा.

पण आत्ता तरी थांबायचंच, आणि थांबणं म्हणजे बीपीची गोळी रोज आणि बिडी बंद, कारण फुगा होणं, वाढणं, फुटणं, तिन्हीत तंबाखूचा धूर पुढं. रिपोर्ट घेऊन बाहेर आलो तर मामा रसवंतीच्या मागं बिडी ओढत उभे, म्हटलं मामा आता तरी द्या ती, तर म्हणाले एवढी संपू दे. अजून एक, लघवीच्या इन्फेक्शनला मेडिकलमधनं परस्पर सिप्रो, ती अँटिबायोटिकची गोळी, घ्यायची सवय मोडा, फुगा असलेल्यांना त्या गटातल्या गोळ्या शक्यतो नको असा इशारा अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्यानं, २०१८ मधे दिलाय.

आणि सख्ख्या भावंडांनी पण सोनोग्राफी करायची असते, म्हणजे माझी आईच. ती म्हणते मला काही होत नाही, तरी सोमवारची तारीख घेतलीय. मामा पण येतो म्हणालेत, खिसे तपासूनच गाडीत घेणार.