जुन्या कॅम्परला फोर बाय फोर करायला गेलो आणि फसलो

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, स्वतःचा मूर्खपणा चारचौघांत सांगायला कोणाला आवडतं. पण मागे एकाने विचारलं, दादा तुमच्या कॅम्परला फोर बाय फोर करून घेतलंय ना, कोणाकडून केलंत, मलाही करायचंय. त्याला फोनवर तासभर सगळं सांगितलं, मग म्हटलं लिहूनच टाकावं.

कॅम्पर म्हणजे आत राहायची सोय केलेली गाडी, आणि फोर बाय फोर म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद. माझी गाडी जुनी आहे. इंजिन पुढे, ड्राइव्ह मागच्या चाकांना, मागे पाट्यांच्या स्प्रिंगवर अख्खा एक्सल, म्हणजे दोन चाकांमधला आडवा आस. आत बेड, ओटा, पाण्याची टाकी, वायरिंग सगळं मी सुट्टीच्या दिवशी बसून स्वतः केलंय त्यामुळे जीव आहे तिच्यावर. अडचण एकच, ओलं गवत किंवा जरा भुसभुशीत वाळू आली की एक मागचं चाक जागेवर गरगर फिरणार आणि गाडी ढिम्म. दोनदा ट्रॅक्टर बोलवावा लागला. दुसऱ्यांदा ट्रॅक्टरवाला हसला आणि तिथेच डोक्यात बसलं की आता फोर व्हील ड्राइव्ह करायचंच.

खरं तर काम हे असं होतं. पुढचं मूळ सस्पेन्शन काढायचं, त्या जागी दुसऱ्या फोर बाय फोर गाडीचा पुढचा एक्सल पाट्यांवर नाहीतर कॉइलवर बसवायचा, गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढे आणि मागे वाटणारी पेटी, टाकायची, तिच्यातून एक प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे ताकद एक्सलपर्यंत नेणारा फिरता दांडा, पुढे आणि एक मागे. ऐकायला चार वाक्यं आहेत पण प्रत्येक वाक्यात महिनाभराचं काम आहे. ट्रान्सफर केसचं पुढचं आउटपुट ज्या बाजूला त्याच बाजूला पुढच्या एक्सलचं डिफरन्शियल, म्हणजे शाफ्टचे फेरे दोन्ही चाकांना वाटणारी गिअरची पेटी, पाहिजे, नाहीतर शाफ्ट तिरका जाणार. मागचा शाफ्ट कापून छोटा करायचा आणि परत बॅलन्स करून घ्यायचा. स्टिअरिंगच्या दांड्यांचा अँगल नीट नाही जमला तर खड्ड्यात चाक गेलं की गाडी आपोआप वळते. ब्रेकच्या नळ्या लांब लागतात. वजन वाढतं ते वेगळंच, आणि कॅम्पर आधीच सामानाने लादलेली असते. हे सगळं मला तेव्हाही साधारण माहीत होतं. म्हणजे अडाणी होतो म्हणून फसलो असंही म्हणता येत नाही, तेच जास्त टोचतं.

गॅरेजवाला बोलायला गोड. नाव घेत नाही. पहिल्याच भेटीत गाडीखाली जाऊन टॉर्च मारून म्हणाला, साहेब ही गाडी तर यासाठीच बनलीय, चेसीस बघा काय आहे. निम्मे पैसे आधी, पार्ट आले की पाव, उरलेले गाडी नेताना. पार्टचे फोटो पाठवले, एक्सल आणि ट्रान्सफर केस, दोन्हीला ताजा काळा रंग. मी लगेच पाव पैसे दिले. आता कळतंय की जुन्या एक्सलला ताजा रंग दिसला की खूश व्हायचं नसतं, विचारायचं असतं. बऱ्याच एक्सलवर डिफरन्शियलच्या कव्हरच्या एखाद्या बोल्टखाली एक छोटी पत्र्याची पट्टी असते, तिच्यावर रेशो ठोकलेला असतो. माझ्या एक्सलवर ती नव्हती. बाकीचे बोल्ट गंजावरून रंगवलेले आणि एकच बोल्ट चकचकीत. फोटोत दिसतंय ते, आजही दिसतंय, मी तेव्हा झूम करून बघितलं नाही एवढंच.

आता रेशोचं सांगतो कारण सगळी भानगड तिथेच आहे. माझ्या मागच्या एक्सलचा रेशो ४.१०, म्हणजे शाफ्टचे ४.१० फेरे झाले की चाकाचा एक फेरा. पुढे त्याने जो एक्सल लावला तो निघाला ३.७३ चा. साध्या, म्हणजे पार्ट टाइम ट्रान्सफर केसमध्ये फोर व्हील टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना पक्के जोडले जातात, दोघांचे फेरे सारखेच. मग हिशोब करा, मागची चाकं दहा मीटर जातील तेवढ्या फेऱ्यांत पुढची चाकं जवळपास अकरा मीटर जायला बघणार. गाडी तर एकच आहे, ती एक मीटर कुठून लांब होणार? टायर घासणार, शाफ्टला पीळ बसणार, आणि शेवटी जो सगळ्यात कमजोर असेल तो तुटणार. ४.१० आणि ४.११ अशी जोडी चालून जाते, एवढा फरक टायरच्या झिजेत पण असतो. ४.१० आणि ३.७३ ही जोडी नाही चालत, कुठल्याच रस्त्यावर.

पहिल्यांदा गाडी ताब्यात घेतली तेव्हा हेच झालं. सांगितलेल्या तारखेपेक्षा किती उशीर झाला ते विचारूच नका. कोरड्या रस्त्यावर सहज बघावं म्हणून फोर व्हीलला टाकली तर सरळ जातानाच गाडी हँडब्रेक ओढल्यासारखी, खालून कट कट आवाज, वळवली तर उड्या मारायला लागली. फोर व्हीलचा दांडा परत बाहेर येईना. थोडी रिव्हर्स घेतली तेव्हा कुठे धाडकन सुटला. परत गेलो त्याच्याकडे. तो म्हणाला, नवीन बसवलंय साहेब, सेटिंग करायला लागतं, ठेवून जा आठ दिवस.

आठ दिवसांनी गाडी लोण्यासारखी.

खोटं नाही सांगत. फोर व्हीलला टाकलं, हिरवा दिवा लागला, कोरड्या सिमेंटवर स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवली, ना उडी ना आवाज. मी विचारलं काय केलंत, तर म्हणे आत व्हिस्कस टाकलाय, सिंक्रोला असतो ना तसा, आता ऑटोमॅटिक सेटिंग होतं. सिंक्रो म्हणजे फोक्सवॅगनची टी थ्री सिंक्रो, १९८५ पासून निघालेली, ऑस्ट्रियात ग्राझला श्टायर-डायमलर-पुखच्या कारखान्यात बनायची, कॅम्परवाल्यांचा देवच. तिच्या पुढच्या डिफरन्शियलला खरंच व्हिस्कस कपलिंग असतं, घट्ट सिलिकॉन तेलात चकत्या, पुढच्या मागच्या शाफ्टच्या फेऱ्यांत थोडा फरक असला तर सोडून देतं, फरक वाढला की धरतं. त्याने सिंक्रोचं नाव घेतलं आणि माझी बोलतीच बंद झाली. आपल्याला आवडणारा शब्द समोरच्याने बरोबर उच्चारला की आपण पुढचं ऐकतच नाही. कुठल्यातरी एक्सलच्या भोपळ्यात, म्हणजे डिफरन्शियलच्या गोल खोक्यात, आठ दिवसांत व्हिस्कस कपलिंग बसत नसतं, ते त्या गाडीसाठी मुळापासून डिझाइन केलेलं असतं, आणि बसलं असतं तरी ३.७३ चं ४.१० झालं नसतं.

वर त्याने मला गाडीखाली झोपायला लावलं. मागची चाकं स्टँडवर, फोर व्हील टाकलेलं, पोऱ्याने क्लच सोडला आणि पुढचा प्रोपेलर शाफ्ट माझ्या डोळ्यासमोर गरागरा फिरतोय. बघा साहेब, म्हणाला, अजून काय प्रूफ पाहिजे. शाफ्ट फिरत होता हे शंभर टक्के खरं. पुढची चाकं जमिनीवर होती आणि गाडी जागची हलत नव्हती हे मी बघितलं, पण डोक्यात शिरलं नाही. अरे, पुढचा शाफ्ट फिरतोय, पुढची चाकं जमिनीवर आहेत, तर गाडीने स्टँडवरून उडी मारायला पाहिजे होती! मी खाली झोपलो होतो म्हणजे मेलोच असतो. काम खोटं होतं म्हणून वाचलो असं म्हणायची वेळ आली. उरलेले सगळे पैसे त्याच संध्याकाळी दिले.

नंतर दोन महिने काही कळलंच नाही. गाडी उंच झाली, दिसायला झकास, दिवा लागतो. फोर व्हील टाकल्यावर पुढून एक बारीक कूं असा आवाज यायचा, मला वाटायचं फोर बाय फोरचा आवाज असाच असतो, उलट मजा वाटायची.

मग पाऊस पडून गेल्यावर एका मैदानात, अगदी साधं ओलं गवत, जरासा चढ. मागचं डावं चाक फिरलं. मी हसत फोर व्हील टाकलं, दिवा लागला, कूं आवाज आला, मागचं डावं चाक अजून खोल. बायको बाहेर मोबाइल धरून उभी होती, व्हिडिओ काढायला, गाडी कशी रुबाबात निघते त्याचा. ती म्हणाली, अरे पण पुढची हलतच नाहीयेत. मी म्हटलं नीट बघ. ती म्हणाली, तू ये आणि तूच बघ. व्हिडिओ आहे अजून, त्यात पुढच्या चाकाला चिकटलेलं गवताचं एक पातं आहे, ते अख्ख्या चाळीस सेकंदांत जागचं हललेलं नाही.

दुसऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेली. त्याने काहीच उघडलं नाही आधी. पुढचं एक चाक जॅकवर उचललं, दुसरं जमिनीवरच, गाडी गिअरमध्ये, फोर व्हील टाकलेलं, हब लॉकवर, म्हणजे चाक मधून एक्सलला जोडलेलं. हाताने चाक फिरवलं, सायकलच्या चाकासारखं फिरलं. असं फिरायला नकोच, तो म्हणाला, एक चाक जमिनीने धरलंय, शाफ्ट गिअरने धरलाय, मग हे वरचं जाम पाहिजे. मग डिफरन्शियलच्या तेलाचं बूच काढून माझंच बोट आत घालायला सांगितलं. कोरडं. बोटाला नुसता गंजाचा लाल भुगा. शेवटी हब उघडला तर आत डिफरन्शियलपासून चाकापर्यंत येणारा एक्सल शाफ्टच नाही. दोन्ही बाजूंचे काढून टाकलेले. चाक बेअरिंगवर स्वतंत्र बसलेलं असतं त्यामुळे शाफ्ट काढला तरी चाक पडत नाही, गाडी मजेत चालते. हेच ते सेटिंग. रेशो जुळेना म्हणून गड्याने चाकांचा संबंधच तोडला, ना रहेगा बांस. शाफ्ट नसल्यावर आतल्या सीलमधून तेल निघून जाणारच होतं, आणि तो कूं आवाज म्हणजे कोरडं क्राउन-पिनियन, डिफरन्शियलमधली मुख्य गिअरची जोडी, रडत होतं. हिरवा दिवा? दांड्याच्या बुडाशी एक बटण, दांडा सरकला की दिवा. त्याचा चाकाशी काय संबंध.

म्हणजे ज्या गोष्टीवर मी खूश झालो तीच फसवणूक होती. पार्ट टाइम फोर व्हील कोरड्या रस्त्यावर वळताना अडलंच पाहिजे, रेशो अगदी बरोबर असला तरी. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा गोल कापतात, मध्ये डिफरन्शियल नसेल तर तो फरक जाणार कुठे. म्हणून तर ते फक्त चिखल, वाळू, बर्फात वापरायचं. कोणी तुम्हाला पार्ट टाइमवाली गाडी कोरड्या सिमेंटवर गोल फिरवून दाखवत असेल आणि ती लोण्यासारखी फिरत असेल तर पैसे खिशातच ठेवा.

रेशो तपासायची म्हाताऱ्याने दाखवलेली युक्ती सांगतो, बोल्ट न उघडता होते. टू व्हीलला टाका म्हणजे पुढचा शाफ्ट मोकळा होतो, हब लॉक. एक चाक जमिनीवर, दुसरं जॅकवर, शाफ्टवर आणि टायरवर खडूची रेघ मारा. वरचं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. चार फेरे आणि वर जरासं आलं तर ४.१०, पावणेचारच्या किंचित आत थांबला तर ३.७३. मागेही तसंच करा, गाडी न्यूट्रलमध्ये. नुसता पुढचा आकडा कळून उपयोग नाही, दोन्ही जुळले पाहिजेत. हे काम एक्सल गाडीला बसल्यावर पण करता येतं आणि गॅरेजमध्ये खाली पडलेला असताना तर अजून सोपं, पार्टचे पैसे द्यायच्या आधी.

पैसे मागायला गेलो तर आधी म्हणाला मी केलं तेव्हा शाफ्ट होते, तुम्हीच कुठे उघडली असेल. मग म्हणाला बिलावर रेशो कुठे लिहिलाय. खरंच नव्हता लिहिलेला. बिलावर फक्त 'फोर बाय फोर काम' असे चार शब्द. एक्सल कुठल्या गाडीचा, नंबर काय, रेशो काय, ट्रान्सफर केस कुठली, एक अक्षर नाही. कागदावर गाडीत बदल केल्याची नोंद करायची तोच करून देणार होता, तीही झालेली नव्हती, म्हणजे एवढे दिवस मी जी गाडी पळवत होतो तिला अपघात झाला असता तर विम्यावाल्याने काय केलं असतं त्याचा विचारच करत नाही.

सगळ्यात जास्त झोंबलं ते वेगळंच. मी म्हटलं ठीक आहे, माझं मूळ पुढचं सस्पेन्शन परत दे, मी गाडी होती तशी करून घेतो. तर म्हणे ते भंगारात गेलं साहेब, तुम्ही मागितलं नव्हतं. काढलेला प्रत्येक पार्ट त्याच दिवशी घरी आणा, गंजलेला असला तरी, जागा नसली तरी बेडखाली ठेवा.

सध्या गाडी म्हाताऱ्याकडेच आहे. ४.१० चं क्राउन-पिनियन त्याच एक्सलला बसणारं शोधतोय तो, एक्सल शाफ्ट मिळालेत. आणि हो, वरची जॅकची टेस्ट कराल तेव्हा मागच्या दोन्ही चाकांना पुढून मागून ओंडके लावा आणि खाली स्टँड द्या, नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालू नका. न्यूट्रलमध्ये मागचं चाक उचलाल तेव्हा ओंडके पुढच्या चाकांना.